कोकण किनाऱ्यावर बसमध्ये दीर्घकाळ राहायचे आहे: गाडी केवढी घ्यावी आणि पावसाळ्याचे काय करावे?

घाटमाथा यांचा प्रश्न

नमस्कार. मी आणि माझी पत्नी, दोघेही गेल्या वर्षी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो. नोकरीची सगळी वर्षे कोल्हापुरात गेली, पण माझे आजोळ गुहागर तालुक्यातले असल्यामुळे मे महिना म्हटला की आजही मला तापलेल्या जांभ्याचा, त्या तांबड्या दगडाचा, वास आठवतो. आजोळचे घर आता मामेभावंडांकडे आहे आणि तिथे वर्षातून दोन दिवस पाहुणा म्हणून जाण्यापलीकडे आमचा हक्क नाही. म्हणून आम्ही असे ठरवले आहे की एक बस राहण्यायोग्य करून घ्यावी आणि रेवसपासून रेडीपर्यंतचा किनारा सावकाश, एकेका गावात आठ-पंधरा दिवस थांबत, निदान वर्षभर तरी पाहावा.

एका कारखान्याची कामगार ने-आण करणारी २०१४ सालची बस विक्रीला आहे. लांबी सुमारे ११ मीटर, इंजिन चांगले आणि आत उभे राहून चालता येईल एवढी उंची आहे. पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी आणि माझ्या पुस्तकांचे एक कपाट, हे सगळे तिच्यात सहज मावेल. परंतु व्यवहार करण्यापूर्वी चार गोष्टींबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. एवढी मोठी गाडी किनाऱ्यावरच्या गावांत जाते का? आसने काढून घर करणे कायद्यात बसते का? पत्नीला इन्सुलिन घ्यावे लागते, त्यामुळे फ्रीज एक दिवसही बंद पडून चालणार नाही; तेवढ्या विजेची सोय कशी करावी? आणि सर्वांत मोठी शंका पावसाळ्याची आहे. कोकणचा पाऊस मी लहानपणी घरात बसून पाहिला आहे, पत्र्याच्या पेटीत बसून नव्हे.

वाटसरू यांचे उत्तर

आपल्या बेताबद्दल वाचून मनापासून आनंद झाला. मी आणि माझी पत्नी तीन हंगाम, म्हणजे ऑक्टोबर ते मे असे तीन वेळा, २६ आसनी ट्रॅव्हलरमध्ये राहून हा किनारा फिरलो आहोत. माझे स्पष्ट मत असे आहे की ११ मीटरची बस घेऊ नये. दाराशी उभी असताना मोठी गाडी सुखाची वाटते. पण केळशी, आंजर्ले, वेळणेश्वर, आडिवरे अशा गावांत शिरल्यावर दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये एक गाडी जाईल एवढाच रस्ता, वरून आंब्या-फणसाच्या फांद्या आणि त्याखालून घराघरांत गेलेल्या विजेच्या तारा, अशी स्थिती असते. समोरून रिक्षा आली तरी कोणाला तरी मागे जावे लागते, आणि मागे जाण्याची पाळी बहुधा पाहुण्यावरच येते.

दुसरी गोष्ट खाड्यांची. उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ किनाऱ्याने यायचे तर आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, धोपावे आणि दाभोळ, तवसाळ आणि जयगड अशा जंगलजेट्टींचा आधार घ्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक खाडीला वळसा घालून महामार्गाकडे जावे लागते. मोठ्या बसेसही या बोटींतून जातात, हे खरे आहे. मात्र ओहोटीच्या वेळी धक्का आणि बोटीची फळी यांच्यामधला उतार तीव्र होतो आणि मागच्या चाकांमागे ज्या गाडीचे शेपूट लांब असते ती खाली घासते. आमची गाडी आखूड असूनही एकदा मागे लावलेली सांडपाण्याची टाकी घासून फुटली. तेव्हापासून मी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिल्याशिवाय जेट्टीवर जात नाही, आणि टाकी दोन चाकांच्या मध्ये घेतली आहे.

विजेचा हिशोब आमच्या अनुभवावरून देतो. १२ व्होल्टवर चालणारा ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला साधारण ४०० ते ५०० वॉट-तास घेतो. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे ३० वॉटचे धरले तर दोन पंखे दहा तास चालवायला ६०० लागतात. दिवे, फोन आणि पाण्याचा पंप मिळून आणखी १५० ते २००. म्हणजे दिवसाची गरज सव्वा ते दीड युनिटाच्या आत राहते. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी अडीच युनिट साठवते, म्हणून सूर्य दिसला नाही तरी दीड-दोन दिवस निभतात. टपावर ३३० वॉटचे दोन सौर पॅनेल असले की डिसेंबरपासून मेपर्यंत रोजची गरज भागून उरते. एसी आणि इंडक्शन शेगडी या दोन गोष्टी मनातून काढून टाकाव्यात. त्या घेतल्या की हा सगळा हिशोब चौपट होतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांमध्ये राहिले पाहिजे, त्यामुळे फ्रीजच्या आत एक वेगळा तापमापक ठेवावा आणि फ्रीजची वायर बॅटरीपासून स्वतंत्र घ्यावी, म्हणजे बाकीचे काही बिघडले तरी तो चालू राहील. शिवाय गाडी चालू असताना इंजिनच्या आल्टरनेटरवर घरची बॅटरी भरून घेण्याची सोय अवश्य करावी. ढगाळ आठवड्यात आम्हाला तिनेच तारले.

पाण्याचे म्हणाल तर काटकसरीने वापरले तरी माणशी दिवसाला ३० लिटर लागतात. आमची टाकी ३०० लिटरची आहे. ती पाच दिवस पुरते आणि भरली की गाडीचे वजन ३०० किलोने वाढते, हे ब्रेक लावताना जाणवते.

शौचालयाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण लांबच्या मुक्कामात गाडी सोडून घरी परत जाणारे बहुतेक जण याच कारणाने परततात. परदेशात असते तशी टाकी रिकामी करण्याची ठिकाणे आपल्याकडे जागोजागी नाहीत. वीस लिटरची काढता येणारी टाकी दोघांना दोन ते तीन दिवस पुरते आणि मग ती ज्यांच्याकडे शोषखड्डा आहे अशा घरी किंवा लॉजमध्ये, परवानगी घेऊन, योग्य ते पैसे देऊनच रिकामी करावी लागते. दुसऱ्या हंगामापासून आम्ही लघवी वेगळी काढणारे कोरडे शौचालय वापरतो. त्यात टाकायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुसा, कोकणात सहज मिळतो. वास येत नाही आणि पाणीही लागत नाही. पऱ्यात (ओढ्यात) किंवा खाडीत काहीही सोडू नये. उन्हाळ्यात त्याच पऱ्याच्या काठी झरा खणून लोक पिण्याचे पाणी भरतात.

वस्तीची गाडी यांचे उत्तर

मी एसटीत चालक होतो आणि नोकरीची बरीच वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वस्तीच्या गाड्यांवर काढली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो की वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन तिथेच मुक्काम करणारी आणि पहाटे पहिली सुटणारी गाडी. चालक आणि वाहक बहुधा गाडीतच किंवा देवळाच्या पडवीत झोपतात. त्यामुळे बसमध्ये राहण्याचा अनुभव मलाही आहे, जरी तो सोयींचा नसला तरी.

वर वाटसरूंनी लिहिले आहे की ११ मीटरची बस गावांत जात नाही. त्यांचा मान राखून मला इथे मतभेद नोंदवायचा आहे. त्यांनी जी गावे सांगितली त्या बाजूला एसटी जातेच की. २२२ इंच व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये एवढे अंतर असलेली) गाडी घेऊन मी अशा गावांना गेलो आहे, जिथे नवा माणूस चारचाकी नेताना दोनदा विचार करतो. पण एसटी का जाते, हे समजून घेतले पाहिजे. पहिले कारण असे की तो रस्ता गाडीसाठी राखलेला असतो; फांदी खाली आली तर गावकरीच तोडतात, कारण गाडी बंद झाली तर नुकसान त्यांचे होते. दुसरे कारण असे की गाडी कुठे वळवायची ती जागा ठरलेली असते, आणि त्या जागेवर कोणी लाकडे किंवा चिरे रचत नाही. तिसरे कारण चालकाला प्रत्येक वळण पाठ असते. तुमच्या बसच्या वाट्याला पहिली दोन कारणे येतील, पण तिथेच, जिथे एसटी जाते. एसटीच्या शेवटच्या थांब्यापुढे एक वावही नाही.

म्हणून माझा नियम असा आहे की ज्या गावात वस्तीची गाडी जाते आणि वळते, तिथे तुमची बस जाईल. मात्र उंचीचे पथ्य पाळावे लागेल. एसटीचा टप ज्या फांद्यांखालून आणि तारांखालून जातो, तिथून टपावर सौर पॅनेल, पाण्याची टाकी, शिडी आणि सामानाचा कठडा लावलेली गाडी जाईलच असे नाही. एक वीत उंची वाढली की सारा हिशोब बदलतो, आणि विजेच्या तारेशी गाठ पडली तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. पॅनेल टपाला चिकटून बसवा आणि बाकीचे सगळे आत किंवा खाली घ्या. सगळ्यात उंच भागाचा आकडा फुटा-इंचांत मोठ्या अक्षरांत लिहून स्टेअरिंगसमोर लावा.

दुसरे, उतार. किनाऱ्यावरच्या पुष्कळ गावांचे रस्ते सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, एकदम खाली उतरून येतात. आरे-वारेचा रस्ता तुम्ही पाहिला असेल. तसे आणि त्याहून अरुंद उतार पुष्कळ आहेत. ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचे नाही, कारण ड्रम तापले की ब्रेक धरत नाहीत. संसार भरलेली बस रिकामी कधीच नसते, हे विसरू नये. हवेच्या ब्रेकची गाडी पाच-सहा दिवस उभी राहिली की टाकीतली हवा उतरते. सुरू केल्यावर काट्यावर पुरता दाब दिसल्याशिवाय पहिला गिअर टाकू नये. मुक्कामाला हँडब्रेकवर विसंबून न राहता चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

परवान्याबाबत वयाने मोठा म्हणून जरा अधिकाराने सांगतो. ज्या गाडीचे भारासह एकूण वजन ७५०० किलोच्या आत आहे ती हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच कायम केले. तुम्ही पाहिलेली बस या मर्यादेच्या बरीच वर जाईल. तिला जड वाहनाचा परवाना लागतो. साठीच्या उंबरठ्यावर जड गाडी प्रथमच शिकायची तर शिकता येते, मी माणसे पाहिली आहेत, पण त्यासाठी सहा महिने द्या आणि पहिले सहा महिने घाटात जाऊ नका. या एका कारणासाठी मी तुम्हाला लहान गाडीकडे वळायला सांगेन. गावांच्या रस्त्यांसाठी नाही.

पत्रेकाम यांचे उत्तर

माझा गाड्यांची बॉडी बांधण्याचा व्यवसाय आहे. चर्चा लांबीवर अडकली आहे, पण त्याआधीचा प्रश्न कायद्याचा आहे आणि त्याला बगल देऊन पैसे घालवलेली माणसे माझ्याकडे येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. दंडापेक्षाही मोठी भीती विम्याची आहे. कागदावर चाळीस आसनांची बस आणि प्रत्यक्षात पलंग व गॅस शेगडी, अशा गाडीला आग लागली तर विमा कंपनी दावा नाकारण्याचे कारण शोधायला फार लांब जाणार नाही.

सरळ मार्ग मात्र उपलब्ध आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही केंद्र सरकारच्या यादीत बिगर-परिवहन वाहन म्हणून आहे आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने ज्याचा आराखडा मान्य केला आहे अशा बांधणाऱ्याकडून काम करून घ्यावे, आणि हत्यार लावण्याआधी आपल्या आरटीओकडे लेखी अर्ज करून उत्तर लेखीच घ्यावे. जुनी कामगार बस घेऊन ती गल्लीतल्या गॅरेजमध्ये बदलणे या मार्गात बसवणे फार अवघड जाते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे आरटीओत हा शब्द आता अनोळखी राहिलेला नाही, एवढा फरक पडला आहे. एसटीची निकाली गाडी लिलावात घेण्याचा विचारही काही जण करतात. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणीच संपते, त्यामुळे अशी गाडी घर म्हणून रस्त्यावर फिरवता येत नाही.

आता गंजाबद्दल. समुद्राच्या वाऱ्यात मीठ असते आणि ते चासीच्या प्रत्येक सांध्यात बसते. देशावर दहा वर्षे टिकणारी बॉडी किनाऱ्यावर चौथ्या वर्षी खालून पोखरलेली मी पाहिली आहे. सांगाडा जस्त चढवलेल्या नळ्यांचा असावा, आणि नळ्यांच्या खालच्या तोंडाला पाणी निथळायला भोके ठेवावीत, कारण नळी आतून गंजते ते बाहेरून दिसत नाही. लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा थेट रिव्हेट केला की खाऱ्या ओलीत दोन धातूंच्या मध्ये एक प्रकारची बॅटरीच तयार होते आणि पत्रा रिव्हेटभोवती पांढरी भुकटी होऊन झडतो. म्हणून मध्ये रबराची पट्टी किंवा जाड प्रायमर हवाच. किनाऱ्यावर असाल तोवर दर पंधरा दिवसांनी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. वाळूत चाक घालूच नये. गाडी रुतते हे एक, आणि ओढून काढेपर्यंत भरती आली तर ब्रेक आणि बेअरिंग खाऱ्या पाण्यात भिजतात हे दुसरे.

लाकूडकामाला साधे प्लायवूड वापरू नये. ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचे मरीन प्लाय घ्यावे, त्याच्या कापलेल्या कडाही रंगवून बंद कराव्यात, आणि पलंगाखाली व कपाटामागे दोन बोटे हवा खेळेल अशी जागा सोडावी. जुलै महिन्यात बुरशी तिथूनच सुरू होते. पुस्तकांच्या कपाटाला तर मागून जाळीच ठेवा.

मोठ्या बसची वीजव्यवस्था २४ व्होल्टची असते, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. पुष्कळ जण त्यांतल्या एकीवरून १२ व्होल्टची वायर काढून फ्रीज चालवतात. असे केल्याने एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त भरली जाते आणि थोड्याच दिवसांत दोन्ही जातात. कन्व्हर्टर लावावा, किंवा घराची बॅटरी पूर्ण वेगळी ठेवावी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचे तोंड बाहेरच्या बाजूने असावे आणि त्याच्या तळाला झाकता न येणारे छिद्र असावे. ५ किलोचा सिलिंडर दोघांना पुरतो आणि तो पक्का बांधून ठेवणे सोपे जाते.

आगर यांचे उत्तर

मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावात राहते. आमचे आगर (नारळ-पोफळीची बाग) रस्त्याला लागून आहे आणि गेल्या काही वर्षांत राहत्या गाड्या घेऊन आलेली पाच-सहा कुटुंबे आमच्या अंगणाशेजारी मुक्काम करून गेली आहेत. वरच्या सगळ्यांनी गाडीबद्दल लिहिले आहे, मी गावाच्या बाजूने लिहिते.

भाऊ, गावात आल्यावर गाडी लावण्याआधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटा. नाव, गाव आणि किती दिवस राहणार, एवढे सांगितले की पुरते. रात्री अंधारात येऊन गाडी लावली आणि सकाळी लोकांनी पाहिली, तर आठ दिवस ती शंकेचीच गाडी राहते. मार्च ते मे या काळात हे फारच महत्त्वाचे आहे, कारण तेव्हा बागांमध्ये हापूस असतो. वर्षभराचे उत्पन्न त्या काळात झाडावर लटकत असते, रात्री राखणदार फिरत असतात, आणि बागेच्या कडेला उभी असलेली अनोळखी मोठी गाडी कोणालाच रुचत नाही. त्यात आम्हा लोकांचा तुसडेपणा नसतो.

नारळाखाली गाडी लावू नका, नारळ नसला तरी झावळ पडते आणि तिचे वजन कमी नसते. फणसाखाली तर नकोच. कोळीवाड्यात मोकळी दिसणारी जागा बहुधा मोकळी नसते. तिथे जाळी पसरतात आणि मासळी वाळत घालतात, तेव्हा विचारल्याशिवाय चाक आत घालू नये. सड्यावरचा कातळ गाडीला पक्का आधार देतो खरा, पण रत्नागिरी आणि राजापूर भागात त्याच कातळावर प्राचीन कातळशिल्पे कोरलेली आहेत. काही ठिकाणची रेखाटने मातीखाली अर्धवट झाकलेली असतात आणि वरून काहीच कळत नाही. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. म्हणून सड्यावर रुळलेली वाट सोडून बस नेऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

हिवाळा-उन्हाळ्यात वेळास, आंजर्ले आणि इतर किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी तुमच्या गाडीच्या दिव्याकडे वळतात. समुद्राकडच्या बाजूचा दिवा रात्री बंद ठेवावा आणि खिडकीला जाड पडदा लावावा.

पाण्याबद्दल थोडे स्पष्ट बोलते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभा ते पाणी धरून ठेवत नाही. एप्रिल लागला की कितीतरी वाड्यांच्या विहिरी तळाला जातात आणि टँकर येतो. जानेवारीत आमच्या विहिरीवर तुम्ही ३०० लिटर भरून घेतलेत तर आम्हाला काही वाटणार नाही. मे महिन्यात तेच मागितलेत तर आम्ही नाही म्हणणार नाही, कारण पाण्याला नाही म्हणायची रीत नाही, पण घरातल्या बाईला त्या दिवशी दुसऱ्या विहिरीवर जावे लागेल. उन्हाळ्यात टाकी तालुक्याच्या गावी पैसे देऊन भरून आणावी.

घाटमाथा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आम्ही दोघेही ऋणी आहोत. कामगार बसचा व्यवहार आम्ही थांबवला आहे. परवाना आणि नोंदणी या दोन्ही गोष्टी वाचल्यावर त्यावर आमच्यात फार चर्चा करावी लागली नाही. मान्यताप्राप्त आराखड्याची, ७५०० किलोच्या आतली गाडी पाहायला पुढच्या महिन्यात पुण्याला जाणार आहोत. पुस्तकांचे कपाट अर्धे करावे लागेल, याचे वाईट वाटते.

पावसाळ्याच्या प्रश्नाला मात्र अजून कोणी पूर्ण हात घातलेला नाही. जून ते सप्टेंबर गाडीतच राहिलो तर काय होईल?

वस्तीची गाडी

साहेब, पावसात राहता येते. पण फिरता येत नाही, असे समजून चाला. ओल्या मातीत साइडपट्टी दबते आणि एक चाक खाली गेले की गाडी कलंडते. घाटात दरडी येतात, परशुराम घाट आणि वरंध यांची नावे दरवर्षी ऐकतोच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा पुष्कळ गाड्या उभ्या जागी बुडाल्या. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आले आणि माडांची बने आडवी झाली. म्हणून नदीकाठ नको, डोंगराचा पायथा नको, मोठे झाड नको आणि उघडा सडाही नको, कारण उंच गाडीला वारा आडवा घेतो. राहिली ती जागा म्हणजे वस्तीतले, घरांच्या आडोशाचे, उंचवट्यावरचे अंगण, वर पत्र्याचा मांडव घातलेले. चार महिन्यांसाठी असे अंगण भाड्याने घ्या. कोकणात घराघरांत आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, तशी गाडीचीही आगोट मेच्या पंधरा तारखेपर्यंत उरकली पाहिजे: रबरी पट्ट्या बदलायच्या, टपाचे सांधे भरायचे, वायरिंगला जाळी लावायची, कारण शेतात पाणी भरले की उंदीर कोरड्या जागी चढतात आणि वायरी कुरतडतात.

वाटसरू

याला एक जोड देतो. पावसाळी ढगांत सौर पॅनेल उन्हाळ्याच्या पाव हिश्शाइतकीही वीज देत नाहीत, आणि मांडवाखाली तर मुळीच देणार नाहीत. त्यामुळे अंगण घेताना विजेची जोडणी आणि वेगळा मीटर पाहून घ्यावा. कोकणात पावसात वीज तासन्‌तास जाते, पण आपली बॅटरी फ्रीज एकट्याला तीन-चार दिवस सांभाळेल. वैनींच्या औषधाची चिंता एवढ्याने मिटावी.

आगर

आमच्या शेजारी असे अंगण आहे. उंचवट्यावर आहे, विहीर बारमाही आहे आणि शंभर पावलांवर एसटी वळते. आधी येऊन पाहून जा.

घाटमाथा

येतो. वस्तीच्या गाडीवाल्या दादांनी एसटी जिथे वळते त्या जागांबद्दल जे लिहिले, ते आम्ही शब्दशः मनावर घेतले आहे. गाडी हाती येईपर्यंत आम्ही दोघे डिसेंबरपासून एसटीनेच हा किनारा एकदा पूर्ण करणार आहोत. दापोली, गुहागर, राजापूर, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या आगारांतून सुटणाऱ्या मुक्कामाच्या गाड्यांची यादी करायला घेतली आहे. चालकाच्या मागचे आसन मिळाले तर रस्त्याची रुंदी, फांद्या, तारा आणि वळायची जागा वहीत टिपून घेऊ. पहिला मुक्काम दापोली तालुक्यातच ठेवतो, म्हणजे ताईंचे ते अंगणही पाहून होईल.